रेकॉर्डरची घरघर: केबलवर आयसोलेटर, ऑडिओवर आयसोलेटर की ऑप्टिकल?

टीव्ही रेकॉर्डर अँप्लिफायरला जोडला आणि स्पीकरमधून खालच्या पट्टीतली सलग घरघर सुरू झाली, की पहिला संशय रेकॉर्डरवरच जातो. बहुधा त्याचा दोष नसतो. बाहेरून टीव्हीचा सिग्नल आणणाऱ्या कोअ‍ॅक्स केबलचं जाळीचं आवरण एका ठिकाणी अर्थ केलेलं असतं, अँप्लिफायरचं अर्थिंग दुसरीकडे. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक असतोच. रेकॉर्डरने ही दोन टोकं जोडली, की ऑडिओ केबलच्या आवरणातून प्रवाह वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची, ६० चा असेल तर ६० किंवा १२० ची.

काहीही विकत घेण्याआधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. मग सगळं चालू ठेवून रेकॉर्डरची फक्त कोअ‍ॅक्स केबल काढा. आवाज थांबला तर वाट सापडली. नाही थांबला तर अँप्लिफायरवर दुसरा इनपुट निवडा. तिथेही घरघर असेल तर रेकॉर्डरला सोडा आणि अँप्लिफायरकडे वळा.

कोअ‍ॅक्स काढल्यावर शांत झालं असेल, तर माझं पहिलं मत कोअ‍ॅक्सवरच्या ग्राउंड लूप आयसोलेटरला. त्यातले कपॅसिटर चॅनेलचे उच्च वारंवारतेचे सिग्नल जाऊ देतात आणि वीजपुरवठ्याची वारंवारता अडवतात. ऑडिओला हात लागत नाही, त्यामुळे आवाजाचा दर्जा आहे तसाच राहतो. केबल आणि साध्या अँटेनासाठी हे उत्तम. मात्र डिश असेल तर इथेच थांबा. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच केबलमधून मिळते (१३ किंवा १८ व्होल्ट डीसी), आणि साधा आयसोलेटर नेमकी तीच तोडतो. चित्रच गायब होईल. दुसरं असं, की आयसोलेटर घराच्या आत, केबलच्या अर्थिंगच्या जोडानंतर लावायचा. त्याआधी लावला तर आतल्या केबलचा अर्थशी संबंध तुटतो आणि विजांपासूनचं संरक्षण जातं.

ऑडिओ आयसोलेटर म्हणजे आरसीए केबलच्या (रेकॉर्डरपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या साध्या ऑडिओ केबलच्या) मध्ये बसणारी छोटी ट्रान्सफॉर्मरची डबी. डिश असो वा केबल, ती दोन्हीकडे चालते आणि लावायला मिनिटभर पुरतं. पण स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असतो. त्यात खोल बास पातळ होतो आणि सिग्नल मोठा झाला की आवाज फाटतो. बातम्या आणि मालिका ऐकायच्या तर फरक जाणवणार नाही. सबवूफर लावून सिनेमे बघणाऱ्याने चांगल्या ट्रान्सफॉर्मरसाठी जास्त पैसे मोजावेत, नाहीतर पुढचा पर्याय घ्यावा.

ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे त्या वाटेने लूप तयारच होत नाही. रेकॉर्डर आणि अँप्लिफायर दोन्हींना ऑप्टिकल पोर्ट असतील तर माझ्या मते हिशोब संपला. स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून आरामात जातं. अँप्लिफायर जुना असेल तर मध्ये डीएसी (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी डबी) लावावा लागतो, म्हणजे आणखी एक अडॅप्टर आणि आणखी एक सॉकेट. लोक एक गोष्ट विसरतात: ऑप्टिकल लावल्यावर जुनी आरसीए केबल जागीच ठेवली, किंवा एचडीएमआय केबलही अँप्लिफायरमध्ये असली, तर त्यांच्या आवरणांतून लूप तसाच राहतो आणि घरघरही.

प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आवाज कदाचित थांबेल, पण उपकरणात बिघाड झाला की त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरेल आणि ती हाताला लागेल.

थोडक्यात सांगायचं तर केबल किंवा अँटेना असेल तर कोअ‍ॅक्स आयसोलेटर, डिश असेल तर ऑप्टिकल, आणि ऑप्टिकल पोर्टच नसेल तर ऑडिओ आयसोलेटर.

यातला कुठलाही पर्याय फक्त ऐकताना येणाऱ्या घरघरीसाठी आहे. जुन्या व्हीसीआरवरून दुसऱ्या रेकॉर्डरवर कॅसेट उतरवताना ती आली असेल, तर ती फाइलमध्येच बसलेली असते. तीच फाइल हेडफोन लावून दुसऱ्या उपकरणावर ऐका. तिथेही घरघर असेल तर ऑडिओ आयसोलेटर व्हीसीआर आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावायचा आणि कॅसेट पुन्हा उतरवायची.