एडलब्रॉक २१०२ कॅमशाफ्ट: ओझं ओढणाऱ्या ३५० इंजिनासाठी

शेव्हरोलेचं ३५० व्ही-८ इंजिन नव्याने बांधायला घेतलं की कॅमशाफ्टपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्यापाशी, हात सैल सुटतो. एडलब्रॉकच्या यादीतले दोन कॅम समोर येतात, २१०२ आणि ७१०२. दोन्ही सपाट तळाच्या हायड्रॉलिक लिफ्टरवर (कॅमचा धक्का पुढे पुशरॉडला देणारा, आत तेल भरलेला भाग) चालणारे, दोन्हींचं लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मध्यांमधला कोन, ११२ अंश. आवाजावर भुललात तर ७१०२ घ्याल. ट्रकमध्ये २१०२च बसवावा.

०.०५० इंच उचलीला मोजलेली ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते बघा: २१०२ची इनटेकला २०४, एक्झॉस्टला २१४ अंश, ७१०२ची २३४ आणि २४४. दोन्ही आकड्यांची सरासरी काढून त्यातून ११२ची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ, मिळतो. २१०२ला उणे १५, ७१०२ला अधिक १५. सेपरेशन सारखं म्हणजे आयडलिंग सारखं, हा समज इथेच कोलमडतो.

आयडलवर थ्रॉटल जवळपास बंद आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे राहिले, तर एक्झॉस्टमधला जळका वायू मागे फिरून इनटेककडे जातो. ताज्या मिश्रणात भेसळ होते. एक सिलिंडर पेट घेतो, दुसरा अर्धवट जळतो. त्यातच मोठ्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, म्हणून ८ ते ८.५ कॉम्प्रेशनच्या ट्रक इंजिनात कमी आरपीएमची ताकद आणखी ढासळते.

२१०२वर धडधाकट इंजिन गेजवर साधारण १६ ते १८ इंच व्हॅक्यूम दाखवतं आणि ७०० आरपीएमच्या आसपास शांत चालतं. ७१०२वर तोच काटा १० ते १२ इंचांवर नाचतो. ब्रेक बूस्टरला ते पुरत नाही, पेडल दगडासारखं लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकताच इंजिन बसतं. मग आयडल स्क्रू पिळून थ्रॉटल उघडलं जातं, कार्ब्युरेटरची ट्रान्सफर फट (आयडलच्या पुढे पेट्रोल सोडणारी) उघडी पडते आणि मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. कार्ब्युरेटर होली कंपनीचा असेल तर गिअरमधल्या आयडल व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम पडला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा) लावावा लागतो. शिवाय ७१०२ची उचल ०.४८८ आणि ०.५१० इंच, म्हणजे स्प्रिंग बदलणं आलं आणि रिटेनर व गाइड-सील यांच्यातली जागा मोजणंही आलं. २१०२ची ०.४२० आणि ०.४४२, चांगल्या स्टॉक दर्जाच्या नव्या स्प्रिंगवर भागतं.

२१०२ बसवूनही इंजिन थरथरत असेल तर कॅमला दोष देण्याआधी रॉकर तपासा. लिफ्टर जास्त दाबला गेला की व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि आयडल हुबेहूब मोठ्या कॅमसारखा भासतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करा. इनटेक पूर्ण उघडून जवळपास मिटला की एक्झॉस्ट. पुशरॉड वर-खाली हलणं थांबेपर्यंत रॉकरचा नट आवळा, मग फक्त अर्धा फेरा. पुशरॉड नुसता बोटांनी गोल फिरवून अंदाज घेणारे इथेच चुकतात, तेलाने भरलेला लिफ्टर फसवतो. जुनी ढिली टायमिंग चेन ठेवू नका, ती कॅम मागे पाडते. इनटेक सेंटरलाइन, म्हणजे इनटेक लोबचा मध्य, १०७ अंशांवर येते का, हे डिग्री व्हीलने (अंशांच्या खुणांची चकती) बघून घ्या.

२१०२ची खरी कटकट सपाट लिफ्टरची. जुने लिफ्टर नव्या कॅमवर चालत नाहीत. लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलिब्डेनम पेस्ट, झिंकयुक्त तेल, ड्रिलने ऑइल पंप फिरवून आधी सगळीकडे तेल. इंजिन पेटताच सरळ २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलवर एक क्षणही नको, कारण लोबवर उडणारं तेल तिथे कमी पडतं. म्हणून टायमिंग, पाणी आणि पेट्रोल आधीच तयार हवं. दहा-दहा वेळा स्टार्टर मारत बसलात तर लोब तिथेच घासून गोल होतो, आणि त्याचा लोखंडी कीस बेअरिंगपर्यंत पोहोचतो. त्या २० मिनिटांनंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि फिल्टर कापून आत चमक आहे का तेही बघा.