प्लिकर्स : मोबाइल नसलेल्या वर्गासाठी प्रश्नोत्तरांचे साधन

पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवताना ‘समजले का?’ असे विचारून हाती काही लागत नाही. पुढच्या दोन बाकांवरच्या माना हलतात, मागे शांतता असते आणि खरे काय ते सत्राअखेरीस उत्तरपत्रिका तपासतानाच कळते. या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलेल्या साधनांपैकी प्लिकर्स मी नियमितपणे वापरते. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांच्या वर्गांना दुसरे कोणतेही साधन इतके सोयीचे पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे मुख्य कारण असे की, विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल असण्याची गरजच इथे उरत नाही. मोबाइल लागतो तो फक्त शिक्षकाचा.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक छापील कार्ड दिले जाते. कार्डावर काळ्या रंगातील चौकोनी ठिपक्यांची आकृती असते आणि प्रत्येक क्रमांकाच्या कार्डावरची आकृती वेगळी असते. चारही कडांना ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक टंकात छापलेली असतात. प्रश्न पडद्यावर आला की, जे उत्तर द्यायचे त्याचे अक्षर वर येईल अशा रीतीने विद्यार्थी कार्ड धरतो. शिक्षक आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिले हे ॲप आकृतीच्या दिशेवरून ओळखते. अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर पाहून आपले कार्ड फिरवणे अवघड जाते, ही या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक साधलेली गोष्ट आहे. हात वर करायला सांगितले की निम्मा वर्ग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे पाहून हात वर करतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

कार्डे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे आणि विस्तारित संच ६३ कार्डांचा. एका पानावर दोन कार्डे या हिशेबाने विस्तारित संचाला ३२ पाने लागतात, म्हणजे जाड कागदावर छापून घेतले तरी खर्च किरकोळच येतो. मात्र चकचकीत लॅमिनेशन करू नये. ट्यूबलाइटचा किंवा खिडकीचा उजेड त्यावरून परावर्तित झाला की आकृती कॅमेऱ्याला दिसत नाही. कार्ड धरताना बोटे काळ्या भागावर येऊ न देण्याची सवयही पहिल्या काही तासांतच लावावी लागते. व्याख्यानगृह लांबलचक असेल तर एका पानावर एकच आकृती असलेली मोठी कार्डे घ्यावीत.

आता प्रत्यक्ष वापराविषयी सविस्तर लिहिते, कारण साधनाची पारख तिथेच होते. माझा एक नेहमीचा प्रश्न असा आहे : चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटल्यानंतर तो वर जात असताना, हवेचा रोध सोडून दिल्यास, त्याच्यावरील निव्वळ बल कोणत्या दिशेने असते? पर्याय चार : वरच्या दिशेने; खालच्या दिशेने; आधी वर आणि मग खाली; बल शून्य. बरोबर पर्याय दुसरा असला, तरी बारावीत न्यूटनचे नियम पाठ करून चांगले गुण मिळवलेले विद्यार्थीही मोठ्या संख्येने पहिला किंवा तिसरा पर्याय निवडतात, कारण ‘वर जातो आहे म्हणजे वर ढकलणारे काहीतरी असणारच’ ही समजूत फार खोलवर रुजलेली असते. कार्डे टिपून झाल्यावर मी उत्तरांचा आलेख लगेच पडद्यावर दाखवत नाही. मोबाइलवर मला विभागणी दिसत असते. उत्तर जाहीर न करता मी शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून देण्यास सांगते आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा कार्डे वर करायला लावते. त्या दोन-तीन मिनिटांत वर्गात जो वाद रंगतो, तो मी तासभर फळ्यावर लिहून घडवू शकत नाही. ‘हात सुटल्यावर बल लावणार कोण?’ हा प्रश्न एखादी विद्यार्थिनी शेजारणीला विचारते आणि दुसऱ्या फेरीत अनेक कार्डे फिरलेली दिसतात.

ही पद्धत अर्थातच माझी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ती १९९१ पासून आपल्या वर्गात रुजवली. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हाच चर्चा फलदायी होते. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावून द्यावी आणि जास्त असतील तर पुढे जावे, असा त्या पद्धतीतील संकेत आहे. कॅनडातील नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवण्याचे हातातले छोटे यंत्र) आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या संकल्पनात्मक आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण महागडी यंत्रणा घेतली म्हणजे अध्यापन सुधारले या समजाला तो छेद देतो. प्लिकर्समध्ये पुठ्ठ्याच्या कार्डाचा साधेपणा टिकतो आणि क्लिकरप्रमाणे प्रत्येकाच्या उत्तराची नोंदही राहते. ही नोंद पुढच्या आठवड्याचा तास आखताना फार कामी येते.

विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर चालणारी मेंटिमीटर किंवा काहूट यांसारखी साधनेही मी वापरली आहेत. त्यांची मांडणी देखणी आहे आणि खुली, शब्दांतली उत्तरे हवी असतील तर मेंटिमीटर सरस ठरते. पण तळमजल्यावरच्या वर्गात रेंज नसते, कुणाचा डेटा संपलेला असतो, कुणाच्या घरात एकच मोबाइल असतो, आणि मोबाइल बाहेर काढायला सांगितले की तो पुन्हा दप्तरात जाईपर्यंत दहा मिनिटे जातात. काहूटमध्ये तर सर्वसाधारणपणे लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. संकल्पना पारखताना विद्यार्थ्याने थांबून विचार करावा असे वाटत असेल, तर ही घाई मारकच ठरते.

प्लिकर्सच्या मर्यादाही गंभीर आहेत. ६३ ची मर्यादा आपल्या मोठ्या तुकड्यांना पुरत नाही. त्यावर मी दोघांत एक कार्ड देते. वैयक्तिक नोंद मिळत नाही, पण कार्ड कोणत्या बाजूला फिरवायचे यावर दोघांना एकमत करावे लागत असल्याने चर्चा आपोआप सुरू होते. प्रश्न फक्त बहुपर्यायी किंवा बरोबर-चूक या प्रकारचेच विचारता येतात, त्यामुळे सिद्धता किंवा उदाहरणाची रीत तपासायला याचा उपयोग नाही. मोफत आवृत्तीत एका प्रश्नसंचातील प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा आहे. एका तासाला दोन-तीन प्रश्न पुरेसे असल्याने मला सशुल्क आवृत्तीची गरज भासलेली नाही. प्रश्न दाखवण्यासाठी संगणक व प्रोजेक्टर लागतो, आणि तो वर्गात नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहूनही काम भागते. विद्यार्थ्यांची नावे परक्या संकेतस्थळावर भरण्याऐवजी केवळ हजेरी क्रमांक भरावेत, असा माझा आग्रह आहे. तसेच या उत्तरांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देऊ नयेत. गुण लागू झाले की विद्यार्थी मनातले उत्तर देण्याऐवजी सुरक्षित उत्तर शोधू लागतो.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे आणि तिथे कोणतेही ॲप मदत करत नाही. चुकीचा प्रत्येक पर्याय विद्यार्थ्यांच्या एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला असावा लागतो. नाहीतर सगळी कार्डे एकाच बाजूला फिरतात आणि वेळ वाया जातो. असे मराठी प्रश्न एका शिक्षकाने एकट्याने रचत बसण्यापेक्षा एकाच विषयाच्या चार-पाच महाविद्यालयांतील शिक्षकांनी मिळून रचावेत आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी ते अभ्यासक्रमाबरोबर सर्वांना उपलब्ध करून द्यावेत. भौतिकशास्त्राचे माझे प्रश्न मी अशा कामासाठी आनंदाने देईन.