डाळिंबाच्या मुळावर गाठी: पॅसिलोमायसिस, पोकोनिया की ट्रायकोडर्मा?

ठिबकच्या नळीखालची माती उकरून पांढरी मुळी पाहिली आणि तिच्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर बागेत सूत्रकृमी (मुळात शिरून जगणारा, डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा कृमी) आहे. जैविक उपाय मागितला की दुकानदार तीन बुरश्या पुढे करतो. निवडताना आधी विचारावे, ही बुरशी सूत्रकृमीला कोणत्या अवस्थेत गाठते?

पॅसिलोमायसिस (नवे नाव पर्प्युरिओसिलियम लिलासिनम) अंड्यांवर जगते. सूत्रकृमीची मादी मुळावर चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि या बुरशीचे तंतू अंड्याचे कवच भेदून आत शिरतात. २५ ते ३० अंश तापमान तिला मानवते. सोलापूर-सांगोल्याकडच्या बागेसाठी माझी पहिली पसंती हिलाच.

पोकोनियाही अंडीच खाते. ती मुळांभोवती वस्ती करते आणि जाड भिंतीच्या बीजाणूंमुळे जमिनीत टिकून राहते. पण गाठी मोठ्या झाल्या की अंड्यांचे पुंजके गाठीच्या आतच अडकतात, तिथे ती पोचत नाही. म्हणून ती नव्या लागवडीच्या खड्ड्यात किंवा प्रादुर्भाव हलका असताना द्यावी.

ट्रायकोडर्माचे मुख्य काम रोगकारक बुरश्यांवर. सूत्रकृमीसाठी एकट्या तिच्यावर विसंबू नये. तरी डाळिंबात ती जोडीला हवीच, कारण सूत्रकृमीने केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते.

गाठींनी मुळे भरली असतील आणि झाड पिवळे पडत असेल, तर यातली कोणतीच बुरशी तातडीने वाचवणार नाही. तिथे रासायनिक औषध लवकर काम करते. लेबलवर डाळिंब आहे का ते पाहूनच घ्यावे. त्यातले फ्लुओपायरम हे सूत्रकृमीनाशक बुरशीनाशकही आहे, त्यामुळे ते आणि जैविक बुरशी एकत्र देऊ नयेत.

बुरशी निवडण्याइतकीच देण्याची वेळ महत्त्वाची, आणि बरेचसे पैसे इथेच वाया जातात. बहारासाठी बाग ताणावर (पाणी बंद) असताना कोरड्या, तापलेल्या मातीत बुरशी टाकून उपयोग नाही. ताण तोडून पाणी सुरू झाले की कुजलेल्या शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत मिसळून, संध्याकाळी, ओल्या मुळीजवळ द्यावी. मर रोगासाठी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे) केली असेल तर मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. पाकिटाची मुदत बघावी आणि ते उन्हात ठेवलेल्या दुकानातून घेऊ नये. पॅसिलोमायसिस क्वचित माणसाच्या डोळ्यालाही संसर्ग करते, म्हणून हाताळताना चष्मा, मास्क आणि हातमोजे घालावेत.