टॅपेटचा आवाज गेला आणि व्हॉल्व्ह जळला

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे तेलाच्या जोरावर आपली फट आपणच भरून काढणारे टॅपेट, बसवून देतो असं कुणी म्हणत असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. मी दिली आणि पुरता फसलो.

माझी ३५० वडिलांच्या हातची. टॅपेट म्हणजे फिरत्या कॅमच्या उंचवट्याचा धक्का पुशरॉड नावाच्या लांब दांडीतून व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा. तिचे टॅपेट, म्हणजे त्यांची फट, वर्षानुवर्षं मीच सेट करत आलो. इंजिन पूर्ण गार हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर हवा, आणि पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मध्ये वर्षभर गाडीकडे लक्ष देता आलं नाही, टकटक वाढली, आणि नेमका तेव्हा हा मिस्त्री भेटला.

त्याचं बोलणं पटलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. २००९ साली आलेल्या क्लासिकला कंपनीतूनच हायड्रॉलिक टॅपेट आहेत आणि तिथे सेटिंगची कटकट नाही. त्याने एक टॅपेट तळहातावर ठेवला, आतला प्लंजर अंगठ्याने दाबून स्प्रिंग दाखवली. “हेच तुमच्या इंजिनात बसवतो. परत कधी पाना लावायला नको,” म्हणाला. निम्मे पैसे त्याच दिवशी दिले. पुढे त्याने फोटो पाठवले, तेही हातातल्या टॅपेटचेच. इंजिनात बसवतानाचा एकही फोटो नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही.

गाडी मिळाली तेव्हा टकटक पूर्ण गेली होती. मला इतका आनंद झाला की उरलेले पैसे मी जागेवरच मोजून दिले. निघताना त्याने तीन गोष्टी बजावल्या. टॅपेटचं कव्हर उघडायचं नाही, तेलाचा दाब निघून जाईल. पुशरॉड फिरवून बघायचा नाही, हायड्रॉलिकमध्ये तो फिरतच नाही. आणि जुने टॅपेट झिजले होते, भंगारात गेले. आज कळतं की या तिन्ही गोष्टी मला कव्हरपासून लांब ठेवण्यासाठी होत्या.

काही आठवड्यांत गाडी चढाला दमायला लागली. गार असताना सुरू व्हायची, पण तापली की आयडलिंग डगमगायचं, सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा आणि किकला जोरच लागायचा नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, नवीन पार्ट आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. मी चालवत राहिलो. यातलं सगळ्यात मोठं नुकसान या चालवत राहण्यानेच झालं.

शेवटी दुसऱ्या, वयाने मोठ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्लेली. मग टायमिंगच्या बाजूने कॅम काढून टॅपेट बाहेर घेतले. ते साधे, भरीव टॅपेट होते, आणि एकावर कानशीची बारीक खूण होती. ती वडिलांनी केलेली, इनलेट-एक्झॉस्टची अदलाबदल होऊ नये म्हणून. भंगारात गेलेले टॅपेट माझ्याच इंजिनात होते. त्याने फक्त पुशरॉड घट्ट आवळून ठेवले होते.

पुशरॉड इतका आवळला की जराही फट उरली नाही, तर टॅपेट वाजत नाही, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. तेवढ्यासाठी जागाच नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच हेडला देतो. तो टेकला नाही की कॉम्प्रेशन गळतं आणि जळता वायू त्याच फटीतून सुटतो. मग व्हॉल्व्हची कड जळायला वेळ लागत नाही. टकटकणारा टॅपेट कानाला त्रास देतो, घट्ट टॅपेट मात्र गुपचूप इंजिन खातो.

काकांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला आधी कळायला हवी होती. खरा हायड्रॉलिक टॅपेट चालतो तो आत कोंडलेल्या तेलावर. कॅम खाली असताना स्प्रिंग प्लंजर वर ढकलते, फट भरून निघते, आणि छोट्या चेक व्हॉल्व्हमधून तेल आत येतं. कॅम वर उचलायला लागला की ते तेल अडकतं आणि भरीव दांड्यासारखं काम करतं. म्हणजे टॅपेटपर्यंत दाबाचं तेल सतत पोचायलाच हवं. आमच्या इंजिनात तेलाचा पंप साधा प्लंजरचा, दाबाचं तेल बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे) जातं आणि वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला मिळतं ते परतीच्या बाजूचं. टॅपेटच्या गाइडपर्यंत तेलाची वाटच नाही. ती इंजिनच्या केसमध्ये भोकं पाडून करावी लागेल, पंपाचा विचार करावा लागेल, कॅमचा आकारही बघावा लागेल, कारण फट धरून घासलेला कॅम आणि बिनफटीचा कॅम एकसारखे नसतात. हार्लेने १९४८ च्या पॅनहेड इंजिनाला हायड्रॉलिक लिफ्टर (म्हणजे टॅपेटच) पुशरॉडच्या वरच्या टोकाला दिले आणि १९५३ साली ते खाली, कॅमजवळ आणले. कारखान्यालाही जागा बदलावी लागली, ते काम हा माणूस केसला ड्रिल न लावता करणार होता!

म्हणून कुणी असं काम सुचवलं तर पहिला प्रश्न एकच विचारा: टॅपेटला तेल कुठून येणार? वाट बोटाने दाखवायला सांगा. केस उघडी असताना स्वतः जाऊन बघा. जुने टॅपेट परत द्यायचे, हे काम सुरू होण्याआधी ठरवा आणि त्यांच्यावर आपली खूण करून ठेवा. कव्हर उघडलं की दाब जातो असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा, कारण त्या कव्हरमागे दाबाचं तेल नसतंच, ते फक्त उडणारं तेल अडवतं. हायड्रॉलिकमध्ये पुशरॉड हाताला घट्ट लागू शकतो हे खरं आहे, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, कॉम्प्रेशन मोजून घ्या. गार आणि गरम, दोन्ही.

मी पहिल्याकडे परत गेलो, खुणेचा टॅपेट समोर ठेवला. त्याने तो उचलूनही पाहिला नाही. पावती कुठे आहे, म्हणाला. पावती त्याने दिलीच नव्हती.

आता नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवलाय, सीट घासून घेतलीय, टॅपेट वडिलांच्या वेळचेच आहेत. गार असताना थोडे वाजतात. दर काही दिवसांनी कव्हर काढतो आणि पुशरॉड बोटांत फिरवून बघतो.