पुरात बुडालेली गाडी आणि माझे २,६५,००० रुपये
फेब्रुवारी २०२५ मध्ये बडोद्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने मला दोन मोटारी दाखवल्या. एक १९९८ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८००, किंमत ५५,००० रुपये. दुसरी २०१३ सालची पेट्रोल स्विफ्ट, घासाघीस करून २,६५,०००. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत आणल्यामुळे दोन्हींच्या आरसीची मुदत २०२८ मध्येच संपत होती. "२०२८ नंतर त्या ८०० ला कोण विचारणार, काका?" असे म्हणून त्याने मला स्विफ्टकडे वळवले.

८०० चे दोष उघडे होते : दारांच्या खालच्या कडांना गंज, लोंबणारे छत. स्विफ्टमध्ये मात्र नवे कार्पेट, नवी सीटकव्हरे आणि अत्तराचा घमघमाट. विकायची गाडी सगळेच सजवतात, त्यामुळे मला आज शहाणपण शिकवणाऱ्यांनाही तेव्हा शंका आली नसती. चालकाचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढला, तेव्हा एरवी दाराशेजारच्या खांबात गुंडाळलेल्या भागावर मातकट डाग होता. "चहा सांडला असेल," तो म्हणाला. चहा खांबाच्या आत जाऊन सांडतो काय? मी बेल्ट सोडला, तो सर्रकन आत गेला, आणि मी टोकनचे २५,००० रुपये मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी अर्ध्या शहरात शिरले होते, हे बडोद्यात कोणाला सांगावे लागते?

पुढे आधी काचा बंद पडल्या, मग गाडी भर रस्त्यात. मेकॅनिकने कार्पेट उचलले तर खाली वाळलेला गाळ आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवा कळंक. ईसीयूसह (इंजिन चालवणारा छोटा संगणक) खर्च ६८,४०० रुपये. कार्ब्युरेटरची साधी गाडी बुडाली तरी खोलून, वाळवून, तेल बदलून बहुधा मार्गी लागते. नव्या गाडीचे इलेक्ट्रॉनिक्स मात्र आतून हळूहळू कुजत राहते. नवे कार्पेट दिसले की उचलाच, आणि सीटच्या रुळांत बोट फिरवा.

पोलिसांनी "ही दिवाणी बाब आहे" म्हणून तक्रार घेतली नाही. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्र बंधनकारक आहे, म्हणून याच्याकडे ते आहे का, एवढेच मी आरटीओत विचारले. तर लेखी अर्ज द्या, मग दुसरी खिडकी, मग साहेब रजेवर, आणि अर्जावर आवक शिक्का मारायलाही कोणी तयार नाही! विमा कंपनीला पुराचा जुना दावा नक्कीच ठाऊक असणार, पण ती माहिती म्हणे गोपनीय. नियम कागदावर ठेवायचे, तर केले कशाला?

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझी तक्रार दाखल आहे. विक्रेता 'जशी आहे तशी' असे छापलेली, माझ्या सहीची पावती पुढे करतो आहे. तशा पावतीवर सही करण्याआधी 'गाडी पुरात बुडालेली नाही' हे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, आणि तो कां-कूं करू लागला तर टोकन खिशातून काढूच नका.