आंबोलीतील निवासी क्षेत्राभ्यास वर्ग : एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

आमच्या विद्यापीठाने प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पावसाळ्याच्या तोंडावर आंबोलीत घेतलेला निवासी वर्ग पूर्ण केल्यावर, पुढच्या तुकडीत नाव देऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. या वर्गात प्राणी पाहण्यापेक्षा त्यांची नोंद कशी करावी हे शिकवले जाते, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

रात्रीचे बेडकांचे सर्वेक्षण हा वर्गाचा गाभा होता. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, ठरावीक वेळ, ठरावीक माणसांनी शोध घ्यायचा आणि काहीच सापडले नाही तरी तो वेळ व ते शून्य तक्त्यात लिहायचेच, हा नियम मार्गदर्शकांनी एकदाही सैल होऊ दिला नाही. शोधासाठी किती माणसांचे किती तास लागले हे नोंदलेले नसेल, तर दोन सड्यांवरच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णन झालेला आणि आज अतिसंकटग्रस्त गणला जाणारा आंबोली टोड हा बेडूक पहिल्या पावसांत खडकावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. म्हणून पाऊल कोठे टाकावे इथपासून शिकवणी सुरू झाली. अंड्यांना हात न लावता डबक्याची खोली आणि पाण्याचे तापमान कसे घ्यावे, हे त्यानंतर आले. बेडकांना जीवघेणा रोग जडवणारी कायट्रिड बुरशी एका पाणवठ्यातून दुसऱ्यात जाऊ नये यासाठी प्रत्येक ठिकाणी बूट निर्जंतुक करून घेतले जात. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटला.

पहाटेच्या पक्षी-ट्रान्सेक्टमध्ये, म्हणजे आखलेल्या रेषेवरून चालत केलेल्या पक्षीगणनेत, दिसलेल्या पक्ष्याचे रेषेपासूनचे लंब अंतर लिहावे लागे, कारण अंतर वाढते तसे पक्षी नजरेतून सुटण्याचे प्रमाणही वाढते. दाट धुक्यात मात्र हे काम जेमतेमच झाले.

उणीव आहे ती विश्लेषणाची. इतक्या कष्टाने जमवलेल्या नोंदींचे संख्याशास्त्र अखेरच्या संध्याकाळी घाईघाईने उरकले गेले, आणि अंतरावरून पक्ष्यांची घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रातली त्यांची संख्या, कशी काढतात हे अनेकांना शेवटपर्यंत उमगले नाही. त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, अशी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ होती. कपडे मात्र वाळत नाहीत. जळवांसाठी लांब मोजे, डोक्याला लावायची विजेरी आणि शिसपेन्सिल सोबत न्यावी, कारण शाईने लिहिलेल्या नोंदी तिथल्या पावसात टिकत नाहीत.