गॅदरिंगचे कपडे भाड्याने: शिलाई उत्तम, ‘व्हिलन सेट’ मात्र घेऊ नका

सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये नाटकाचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारी काही दुकानं आहेत. यंदा आमच्या सहावी-सातवीच्या नाटकाचं सगळं सामान त्यांतल्या एका दुकानातून घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. माझी जी तक्रार आहे ती या एका दुकानापुरती नाही, आणि बाकी कामाबद्दल तर मी त्यांचं कौतुकच करणार आहे.

कपडे खरंच चांगले. आपलं गाव युनिफॉर्म शिवणारं, त्यामुळे शिलाई पक्की असते. धोतरं शिवलेली, नाडीची. पंधरा पोरांना विंगेत धोतर नेसवत बसणं काय असतं ते शिक्षकांनाच माहीत. नऊवारीही शिवलेल्या, फेटे बांधून तयार. कपड्यांना घामाचा किंवा डांबरगोळ्यांचा वास नव्हता. एका ड्रेसचं भाडं 150 ते 300 रुपये, डिपॉझिट वेगळं. परत करताना एका बंडीचं बटण तुटलेलं होतं, त्याचे पैसे कापले नाहीत.

मेकअपला माणूसही दुकानच पाठवतं. आमच्याकडे आलेले काका वयस्कर, पण हात फार हलका. क्रेपच्या नकली मिशा स्पिरिट गमने (मेकअपच्या डिंकाने) अशा बसवल्या की नाटक संपेपर्यंत एकही सुटली नाही, आणि उतरवताना कडेने तेल सोडत काढल्या, त्यामुळे एकही पोरगं रडलं नाही.

अडलं ते खलनायकापाशी.

मालकांनी कपाटातून एक तयार पिशवी काढून काउंटरवर ठेवली. आत इलॅस्टिकची काळी डोळ्याची पट्टी, गालावर चिकटवायचा रबरी व्रण, पाठीला बांधायची कुबडाची उशी, काळ्या पॅनकेकची (चेहऱ्याला फासायच्या रंगाची) डबी आणि लंगडत चालायला एक काठी. “कुठलं पण नाटक असू द्या मॅडम, व्हिलनला हेच जातंय. बघितल्या बघितल्या पोरांना कळतंय की ओ.”

पोरांना बघितल्या बघितल्या ‘हेच’ कळावं, याला माझा विरोध आहे. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, लहानपणी भाजल्याचा डाग तिच्या गालापासून मानेपर्यंत आहे. नाटक बघायला ती पुढच्या रांगेत बसणार होती. रंगमंचावर वाईट माणूस आला हे सांगायला आम्ही तिच्यासारखा गाल रंगवणार आणि तिच्याच मैत्रिणी त्याला बघून ओरडणार? माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. मागातला सूत नेणारा धोटा उडून लागला आणि त्यांचा एक डोळा गेला. पुढे कित्येक वर्षं ते डोळ्यावर पट्टी बांधून कारखान्यात जात होते, आणि आमच्या गल्लीत असे ते एकटेच नव्हते. या गावात डोळ्यावर पट्टी असलेला माणूस बहुधा कष्टाने डोळा गमावलेला असतो. काळ्या पॅनकेकचं तर मला अजिबातच पटत नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. ज्याच्या सावळ्या रूपासाठी माणसं आळंदीहून, देहूहून चालत येतात, त्याच्या जिल्ह्यात पोराला दुष्ट दाखवायचं म्हणून काळं फासायचं?

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “अहो बाई, हे पुराणापासून चालत आलंय.” काही अंशी खरं आहे. वाल्मीकींची मंथरा कुबडी आहे, आणि शूर्पणखेचं वर्णन करताना ते रामाच्या एकेका सुंदर गोष्टीसमोर तिची एकेक कुरूप गोष्ट ठेवतात. पण तेच वाल्मीकी सुंदरकांडात काय करतात बघा. बांधून आणलेला हनुमान रावणाला पहिल्यांदा समोर पाहतो आणि त्याच्या मनात येतं, ‘अहो रूपमहो धैर्यम्’. सगळ्यात मोठा अपराधी देखणा आहे, तेजस्वी आहे, आणि ते शत्रूच्या दूतालाही मान्य करावं लागतं. रूप असूनही अधर्म केला, म्हणून तर रावणाची गोष्ट इतकी जड होते. आणि महाभारतात आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या दरबारात वाद जिंकून जातो. परंपरेत दोन्ही आहे. मुलांसमोर काय ठेवायचं ते आपण निवडायचं.

आपल्या सिनेमाने कुठलं निवडलं, हे ललिता पवारांकडे बघून कळतं. 1942 मध्ये चित्रीकरण करताना बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचारांत वर्षं गेली, डावा डोळा कायमचा अधू झाला. त्याआधी त्या नायिका होत्या. त्यानंतर त्यांच्या वाट्याला मुख्यतः खाष्ट सासवा आल्या. त्या त्यांनी अफाट ताकदीने केल्या, त्याबद्दल आदरच आहे. पण एका बाईला अपघात झाला आणि पडद्यावर ती दुष्ट ठरली, हे मला आजही सहन होत नाही. बाहेरही हेच. 2017 मध्ये एका अमेरिकन त्वचारोग नियतकालिकात हॉलिवूडच्या नामांकित नायक-खलनायकांची तुलना आली होती. पहिल्या 10 खलनायकांपैकी 6 जणांच्या त्वचेवर किंवा डोक्यावर ठळक काहीतरी होतं: व्रण, चामखीळ, टक्कल, डोळ्यांभोवती काळेपणा. नायकांमध्ये असं ठळक काही नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की चेहऱ्यावरच्या व्रणातून खलनायकी दाखवणाऱ्या चित्रपटांना ते पैसे देणार नाहीत.

आमच्या नाटकातला वाईट माणूस टँकरवाला होता. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उपसून त्याच गावाला विकणारा. असा माणूस आपल्या जिल्ह्यात ओळखायला कुबड लागत नाही. मी मालकांना म्हटलं, मला व्हिलन हवा, पण या पिशवीतलं काहीच नको. ते थोडे गोंधळले, पण टाळलं नाही. मेकअपवाल्या काकांनाच हाक मारली. काका क्षणभर थांबून म्हणाले, “निळूभाऊंनी कधी पट्टी लावली का ओ?”

किती अचूक बोलले! निळू फुल्यांकडे टोपी, धोतर, तो घोगरा आवाज आणि बघण्याची एक तऱ्हा, एवढंच होतं. तेवढ्यावर थिएटरातल्या बायका त्यांना शिव्या द्यायच्या. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारा.

मग दोघांनी मिळून पोशाख जुळवला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पँट, सोन्याच्या रंगाचं घड्याळ, दोन अंगठ्या, खिशाला पेन, डोळ्यांवर गॉगल नाही. केस तेल लावून चापून बसवले. चेहऱ्याला फक्त साधी पावडर. काकांनी मुलाला हळू बोलायला आणि कुणी रडत समोर आलं की हसून घड्याळाकडे बघायला शिकवलं. हे मेकअपच्या पैशांत नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात दुसऱ्या प्रवेशात म्हातारी हंडा घेऊन पाया पडते आणि तो घड्याळ बघतो, तिथे मागच्या रांगेतून एक आजी “मुडद्या!” म्हणून ओरडल्या. पुढच्या रांगेतली ती मुलगीही सगळ्यांबरोबर हुर्यो करत होती.

एक सूचना पालकांसाठी. काही ठिकाणी व्रणासाठी कोलोडियन नावाचं द्रावण लावतात. ते वाळताना आकसतं आणि कातडी आत ओढतं, त्यातूनच खरा वाटणारा व्रण तयार होतो. मुलांच्या चेहऱ्याला, विशेषतः डोळ्यांजवळ, लावू देऊ नका. या दुकानात ते आहे, पण नको म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही.

जायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच बुकिंग करा. डिसेंबरात सगळ्या शाळा एकदम येतात, आणि संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मालकांना बोलायलाही फुरसत नसते. नाटकाची वही सोबत न्या, खलनायक काय करतो ते सांगा आणि पिशवी परत कपाटात ठेवायला लावा. आमचा पोशाख त्यांनी आता वेगळ्या हँगरला लावलाय, ‘टँकरमालक’ अशी चिठ्ठी डकवून. भाडं 200 रुपये, बूट मात्र आपले न्यावे लागतात.